खरखर घालवणारा माणूस : एडविन हॉवर्ड आर्मस्ट्राँग

संध्याकाळी साडेसात-आठच्या सुमारास शहरातल्या एखाद्या दाटीच्या गृहसंकुलात मोबाइलवर वायफायची यादी उघडली, तर पंधरा-वीस नावे तरी सहज दिसतात. वरच्या मजल्यावरचे, समोरच्या घरातले, खालच्या दवाखान्यातले, असे सगळ्यांचे राउटर एकाच वेळी एकाच हवेत बोलत असतात. चित्रपट मध्येच थबकतो, मुलाच्या शिकवणीचा आवाज तुटतो आणि बोल इंटरनेट पुरवणाऱ्याला लागतो. पुष्कळदा दोष त्याचा नसतो. घरगुती वायफायला मिळालेला २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा इतका अरुंद आहे, की त्यात एकमेकींवर न चढणाऱ्या वाहिन्या तीनच बसतात : एक, सहा आणि अकरा. घरे वीस आणि वाहिन्या तीन, एवढे हे साधे गणित आहे.

शेजाऱ्याच्या यंत्राने आपल्या यंत्राच्या कामात विघ्न आणावे, हे दुखणे मात्र वायफायइतके नवे नाही. ते घराघरांत शिरले १९२२ च्या सुमारास, अमेरिकेतील न्यूयॉर्कसारख्या गजबजलेल्या शहरांत, आणि तेव्हा त्याचे साधन होते रेडिओ. ज्या शोधामुळे शेजाऱ्यांचे रेडिओ किंचाळू लागले, तो शोध एडविन हॉवर्ड आर्मस्ट्राँग यांचा. आणि त्या दुखण्यावरचे दोन मोठे उपायही त्यांचेच. त्यांचे नाव मार्कोनींइतके सर्वतोमुखी नाही. परंतु मोटारीतल्या रेडिओवर ८८ ते १०८ हे आकडे पाहणारा प्रत्येक जण नकळत त्यांच्या आयुष्यातील यश आणि पराभव दोन्ही पाहत असतो.

आर्मस्ट्राँग यांचा जन्म १८ डिसेंबर १८९० रोजी न्यूयॉर्क शहरात झाला. वडील ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसच्या अमेरिकन शाखेत होते; आई शिक्षिका होती. घरी सगळे त्याला हॉवर्ड म्हणत. वयाच्या नवव्या वर्षाच्या सुमारास त्याला एक मज्जाविकार झाला आणि तो शाळेतून बराच काळ दूर राहिला. त्या आजाराची खूण म्हणून खांद्याला आणि चेहऱ्याला बसणारे झटके पुढे जन्मभर टिकले, उत्तेजित झाल्यावर ते वाढत. मुलाला मोकळी हवा मिळावी म्हणून कुटुंब शहराबाहेर, हडसन नदीच्या काठी यॉन्कर्स येथे राहायला गेले. त्या घराच्या वरच्या खोलीतून नदीपलीकडचे उभे कडे दिसत. पुढे आयुष्यातील सर्वांत मोठे काम त्याने याच कड्यांवर उभे केले.

चौदाव्या वर्षीच त्याने संशोधक व्हायचे ठरवून टाकले होते. मार्कोनींच्या बिनतारी संदेशांच्या गोष्टींनी त्याला झपाटले होते. घराच्या आवारात त्याने एरियलसाठी सुमारे १२५ फूट उंचीचा खांब स्वतः उभारला आणि तो त्याच्या टोकापर्यंत चढून बसत असे. उंचीची भीती या माणसाला कधी वाटली नाही. पुढे तो कोलंबिया विद्यापीठात शिकायला जाऊ लागला, तेव्हा यॉन्कर्सहून लाल रंगाच्या मोटारसायकलवरून ये-जा करी.

त्या काळी रेडिओचा संदेश इतका क्षीण येई, की तो कानाला यंत्र लावून, श्वास रोखून ऐकावा लागे. ली डी फॉरेस्ट यांनी तयार केलेली ऑडिऑन नावाची निर्वात नळी उपलब्ध होती. पण ती नेमकी कशी काम करते, हे तिच्या निर्मात्यालाही नीट उमगलेले नव्हते. विद्यार्थी आर्मस्ट्राँगने ते मोजमापे घेऊन तपासले. १९१२ मध्ये, वयाची बाविशीही पूर्ण झाली नसताना, त्याला एक युक्ती सुचली. नळीतून बाहेर पडणाऱ्या प्रवाहाचा काही भाग पुन्हा तिच्या प्रवेशाकडे वळवला, तर तोच संदेश पुन्हा वाढेल, पुन्हा फिरेल आणि पुन्हा वाढेल. तसे झालेही. जो संदेश कानाला जेमतेम लागत असे, तो खोलीभर ऐकू येऊ लागला. त्या रात्री त्याने आनंदाने ओरडत बहिणीला झोपेतून उठवले, ही हकीकत प्रसिद्ध आहे.

वडिलांनी पदवी हाती येईपर्यंत पेटंटसाठी पैसे द्यायला नकार दिला. तेव्हा मुलाने आकृती काढून ती ३१ जानेवारी १९१३ रोजी नोटरीकडून साक्षांकित करून घेतली. पेटंटचा अर्ज त्या वर्षीच्या ऑक्टोबरात गेला आणि ऑक्टोबर १९१४ मध्ये पेटंट मिळाले. मधल्या काळात, १९१४ च्या जानेवारीअखेर, न्यू जर्सीतील बेलमार येथील मार्कोनी कंपनीच्या केंद्रावर एका गारठलेल्या खोलीत या यंत्राची रात्रभर चाचणी झाली. त्या रात्री त्याच्या शेजारी बसलेला कंपनीचा तरुण अधिकारी होता डेव्हिड सार्नॉफ. दूरदूरचे संदेश स्वच्छ ऐकून तो चकित झाला. दोघांची मैत्री त्या रात्री जुळली. ती पुढे कुठवर गेली, हे यथाक्रम येईलच.

या शोधाला एक दुसरी बाजू होती आणि ती आर्मस्ट्राँग यांना पहिल्यापासून ठाऊक होती. मागे वळवलेला प्रवाह एका मर्यादेपलीकडे वाढवला, की नळी नुसती संदेश वाढवीत नाही; ती स्वतःच लहरी निर्माण करू लागते. म्हणजे तेच मंडल ऐकणारेही आहे आणि बोलणारेही. बोलण्याच्या या गुणावर पुढे सगळी प्रक्षेपणे उभी राहिली. पण ऐकण्याच्या यंत्राला नको तेव्हा वाचा फुटली, तर काय होते, याचा अनुभव अमेरिकेने १९२२ मध्ये घेतला.

पिट्सबर्गच्या केडीकेए केंद्राने नोव्हेंबर १९२० मध्ये नियमित प्रसारण सुरू केल्यावर दोनच वर्षांत अमेरिकेतील केंद्रांची संख्या पाचशेच्या पुढे गेली. या केंद्रांना सुरुवातीला सरकारने मनोरंजनासाठी जवळजवळ एकच तरंगलांबी दिली होती, ३६० मीटर. एकाच शहरातील केंद्रे पाळी लावून वेळ वाटून घेत, नाहीतर एकमेकांवर ओरडत. त्यात घरोघरी स्वस्तातला, आर्मस्ट्राँग यांच्या तत्त्वावर चालणारा संच आला. दूरचे केंद्र पकडण्याच्या नादात माणूस बटण थोडे अधिक पिळी, मर्यादा ओलांडली जाई आणि त्याचा संच एरियलमधून लहरी फेकू लागे. भिंतीपलीकडच्या घरात गाणे चालू असताना मध्येच लांबलचक शीळ घुमे. शिट्टी कोणाच्या घरातून येते, हे कळायला मार्ग नसे. ज्याच्या घरातून येई, त्यालाही आपण शेजाऱ्याला छळतो आहोत याची कल्पना नसे. ब्रिटनमध्ये तर प्रसारण सुरू करतानाच अशा शिट्ट्या एरियलवाटे बाहेर पडू नयेत, असा नियम संचांना लावावा लागला. इतके करूनही बीबीसीला श्रोत्यांना वारंवार समजावत राहावे लागले.

आजच्या राउटरच्या भांडणात आणि त्या शिट्टीत एक साम्य आहे. दोन्हीकडे कोणी वाईट हेतूने वागत नाही. प्रत्येकाला आपले ऐकू यायला हवे असते आणि त्यासाठी जो तो आपला जोर वाढवतो.

पहिला उपाय आर्मस्ट्राँग यांच्याजवळ आधीच तयार होता, तोही युद्धातून आलेला. पहिल्या महायुद्धात ते अमेरिकन सैन्याच्या सिग्नल विभागात अधिकारी म्हणून पॅरिसमध्ये होते. फार उच्च कंप्रतेच्या, म्हणजे उच्च फ्रिक्वेन्सीच्या क्षीण लहरी कशा पकडाव्यात, हा तिथला प्रश्न होता. १९१८ मध्ये त्यांनी असा मार्ग काढला, की येणारी लहर कोणतीही असो, संचातच निर्माण केलेल्या दुसऱ्या लहरीशी तिचा मेळ घालून ती एका ठरावीक, मधल्या कंप्रतेवर उतरवावी आणि मगच वाढवावी. सगळे केंद्र एकाच कंप्रतेवर उतरत असल्याने तिथे गाळणी अतिशय बारीक लावता येते. शेजारचे केंद्र बाजूला राहते आणि हवे तेवढेच आत येते. याला सुपरहेटरोडाइन म्हणतात. आरसीए कंपनीने १९२४ मध्ये असे संच बाजारात आणले आणि काही वर्षांत रेडिओ म्हणजे सुपरहेटरोडाइन असेच समीकरण झाले. टीव्ही, रडार, पुढचे मोबाइल हे सगळे या कल्पनेच्या किंवा तिच्यातून निघालेल्या कल्पनांच्या आधाराने चालत आले.

या काळात आर्मस्ट्राँग श्रीमंत झाले. आणखी एका शोधाचे हक्क आरसीएला विकल्यामुळे रोख रकमेबरोबर कंपनीचे हजारो समभाग त्यांच्याकडे आले आणि ते तिचे सर्वांत मोठे व्यक्तिगत भागधारक बनले. सार्नॉफ आता त्याच कंपनीत वरवर चढत होते. सार्नॉफ यांच्या कार्यालयात काम करणाऱ्या मॅरियन मॅकइनिस या तरुणीवर आर्मस्ट्राँग यांचे मन जडले. तिच्यावर छाप पाडायची त्यांची रीतही त्यांच्या स्वभावाला साजेशी होती. न्यूयॉर्कच्या भर वस्तीत एका उंच इमारतीवर आरसीएने उभारलेल्या मनोऱ्याच्या अगदी टोकावर ते १९२३ मध्ये चढले, छायाचित्रे काढवून घेतली आणि ती तिला दिली. सार्नॉफ यांनी संतापून त्यांना तिथे येण्यास मज्जाव केला. त्याच वर्षी १ डिसेंबरला हॉवर्ड आणि मॅरियन यांचा विवाह झाला. लग्नाची भेट म्हणून नवऱ्याने स्वतः बनवलेला, हातात घेऊन फिरता येणारा सुपरहेटरोडाइन रेडिओ तिला दिला. मधुचंद्राच्या वेळी फ्लोरिडाच्या समुद्रकिनाऱ्यावर त्या अवजड पेटीसह बसलेल्या या जोडप्याचे छायाचित्र आजही पाहायला मिळते.

याच वर्षांत पहिल्या शोधाचा खटला चालू होता. ली डी फॉरेस्ट यांनी तो शोध आपला असल्याचा दावा केला होता. सुरुवातीला न्यायालयांनी आर्मस्ट्राँग यांचा हक्क मान्य केला. प्रतिपक्ष थकलेला होता, पैशाने खचलेला होता. खटल्याचा खर्च माफ केला असता, तर प्रकरण तिथेच मिटले असते, असे अनेकांचे मत होते. आर्मस्ट्राँग यांनी तो माफ केला नाही. पराभूताने पराभव पुरता मान्य करावा, हा त्यांचा हट्ट होता. तेवढ्या अवधीत दावा दुसऱ्या वाटेने वर गेला, निकाल फिरले आणि १९३४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डी फॉरेस्ट यांच्या बाजूने कायमचा निर्णय दिला. रेडिओ अभियंत्यांच्या जगात मात्र कोणाला शंका नव्हती. आर्मस्ट्राँग यांनी त्याच शोधासाठी मिळालेले सुवर्णपदक आपल्या संस्थेला परत करू पाहिले, तेव्हा संस्थेने ते घेण्यास नकार दिला आणि भरसभेत सगळे उभे राहिले. न्यायालयात हरलेल्या माणसाला व्यवसायबंधूंनी दिलेला हा मान दुर्मीळ होता. पण त्या हट्टाची जी किंमत पडली, ती पाहूनही त्यांच्या स्वभावात बदल झाला नाही, हे पुढच्या वीस वर्षांत दिसले.

आता प्रश्न राहिला होता खरखरीचा. शेजाऱ्याची शिट्टी संच सुधारून घालवता येत होती. ढगांतली वीज कशी घालवणार? वळवाच्या दिवसांत मध्यम लहरींवर नाट्यगीत ऐकताना प्रत्येक विजेबरोबर कडकड उठे, हे जुन्या श्रोत्यांच्या कानांत अजून असेल. ट्रामच्या ठिणग्या, मोटारींची इंजिने, घरगुती यंत्रे, सगळ्यांची भर त्यात पडे. कारण सरळ होते. तेव्हाच्या रेडिओत आवाज लहरीच्या उंचीवर चढवला जाई, आणि वीज नेमकी उंचीच बिघडवते. कानाला दोन्ही सारखेच लागते.

आर्मस्ट्राँग यांनी कोलंबिया विद्यापीठातील गुरू मायकेल प्युपिन यांच्यासोबत या प्रश्नावर १९१४ पासून अधूनमधून डोके फोडले होते. आवाज लहरीच्या उंचीवर न चढवता तिच्या कंप्रतेवर चढवावा, ही कल्पना जुनीच होती. पण ती निरुपयोगी ठरवून टाकली गेली होती. जॉन कार्सन या मान्यवर गणितज्ञाने १९२२ मध्ये समीकरणे मांडून दाखवले होते, की तिच्यापासून काही लाभ नाही. सगळ्यांचा प्रयत्न पट्टा अरुंद करण्याचा होता. हवेत गर्दी आहे, तेव्हा प्रत्येकाने अंग चोरून बसावे. शिवाय खिडकी जितकी लहान, तितकी खरखर कमी आत येणार. तर्क निर्दोष वाटतो. आर्मस्ट्राँग यांनी नेमके उलट केले. त्यांनी कंप्रतेचा झोका मुद्दाम मोठा ठेवला, नेहमीच्या केंद्राला १० किलोहर्ट्‌झ पुरत असताना आपल्या केंद्राला २०० दिले. ग्राही संचात लहरीची उंची सरळ कापून सपाट केली, म्हणजे विजेने तिथे केलेला सगळा गोंधळ कापला गेला. उरलेला थोडा बिघाड कंप्रतेत शिरतो, पण मूळ झोकाच इतका मोठा, की त्यापुढे तो नगण्य ठरतो. कार्सन यांचे गणित चुकीचे नव्हते. त्यांनी अरुंद पट्ट्याचा विचार केला होता, एवढेच.

एवढी जागा गर्दीच्या मध्यम लहरींत मिळणे अशक्य होते. म्हणून आर्मस्ट्राँग वर गेले, चाळीस मेगाहर्ट्‌झच्या आसपास, जिथे तेव्हा फारसे कोणी राहत नव्हते. तिथल्या लहरी रात्री आकाशावर आदळून हजार मैलांवर उतरत नाहीत. साधारण दृष्टीच्या टप्प्यापर्यंत जातात आणि संपतात. वरवर हे वैगुण्य आहे. प्रत्यक्षात त्यामुळेच एका शहराची वाहिनी थोड्या अंतरावरच्या दुसऱ्या शहराला पुन्हा वापरता येते. त्यात भर पडली आणखी एका गुणाची. एकाच वाहिनीवर दोन केंद्रे ऐकू आली, तर हा संच त्यांची खिचडी करीत नाही. जे जोरकस असेल ते घेतो आणि दुसरे जवळजवळ पुसून टाकतो. जनरल इलेक्ट्रिकच्या अभियंत्यांनी ऑल्बनी आणि स्केनेक्टडी या जवळच्या दोन शहरांतून एकाच वाहिनीवर प्रसारण करून मधल्या रस्त्याने मोटार नेली, तेव्हा एक केंद्र संपून दुसरे सुरू होण्याचा गोंधळाचा पट्टा अगदी छोटा निघाला.

आज गर्दीच्या इमारतीत वायफाय सुधारण्यासाठी जे सांगितले जाते, ते याच वाटेने जाते. वरच्या, रिकाम्या ५ किंवा ६ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात जावे, तिथे जागा ऐसपैस आहे. आणि त्या लहरी भिंतीत अडतात हा तोटा नसून शेजाऱ्यांसाठी लाभ आहे. मात्र रुंदीचा धडा अर्धाच घेतला, तर तो अंगाशी येतो. २.४ गिगाहर्ट्‌झच्या दाटीत वेगाच्या लोभाने राउटरची वाहिनी दुप्पट रुंद करणारा माणूस आर्मस्ट्राँग यांचा अनुयायी नव्हे. तो १९२२ मधला बटण पिळणारा शेजारी असतो. आर्मस्ट्राँग आधी मोकळ्या माळावर गेले आणि मग हातपाय पसरले.

या पद्धतीची पेटंटे त्यांना २६ डिसेंबर १९३३ रोजी मिळाली. एफएम हे तिचे नाव. त्याच सुमारास त्यांनी सार्नॉफ यांना विद्यापीठातील प्रयोगशाळेत बोलावून ती दाखवली. सार्नॉफ १९३० पासून आरसीएचे अध्यक्ष होते. त्यांनी एम्पायर स्टेट इमारतीच्या माथ्यावरची जागा चाचण्यांसाठी दिली. जून १९३४ मध्ये तिथून निघालेले संगीत लाँग आयलंडवर, पासष्ट-सत्तर मैलांवर, स्वच्छ उतरले. जुन्या पद्धतीचे प्रसारण वादळी हवेत खरखरीत बुडून जाई. नवे मात्र शेजारच्या खोलीत कोणी वाजवीत असावे तसे येई. चाचण्यांत संशयाला जागा राहिली नाही. तरीही १९३५ मध्ये आर्मस्ट्राँग यांना तिथून आपली यंत्रसामग्री उचलायला सांगण्यात आले. ती जागा आरसीएला टीव्हीच्या प्रयोगांसाठी हवी होती.

सार्नॉफ यांना खलनायक ठरवणे सोपे आहे आणि पुष्कळ लेखकांनी ते केले आहे. त्यांच्या बाजूने पाहिले, तर कंपनीचे सारे उत्पन्न जुन्या रेडिओवर उभे होते, मंदीचे दिवस होते आणि त्यांनी आपले भवितव्य टीव्हीवर लावले होते. खरखर घालवणारे एखादे छोटे उपकरण त्यांना हवे होते. आर्मस्ट्राँग यांनी त्यांच्यापुढे आणून ठेवली संपूर्ण नवी व्यवस्था, जिच्यात जुने प्रक्षेपक आणि जुने संच दोन्ही मोडीत निघणार होते. तरी मित्राच्या शोधाबाबत मौन पाळणे वेगळे आणि पुढे तो वापरून मोबदला नाकारणे वेगळे.

५ नोव्हेंबर १९३५ रोजी न्यूयॉर्कमध्ये अभियंत्यांच्या सभेत आर्मस्ट्राँग यांनी आपला निबंध वाचला आणि मग पडद्यामागचा संच सुरू केला. यॉन्कर्समधील एका हौशी मित्राच्या घरून प्रसारण चालू होते. पेल्यात पाणी ओतल्याचा, कागद चुरगाळल्याचा आवाज सभागृहात आला. संगीतापेक्षा या क्षुल्लक आवाजांनीच श्रोते अवाक झाले, कारण रेडिओवर असे बारीक आवाज त्यापूर्वी कोणी ऐकले नव्हते. त्यांच्यामागे खरखर नव्हती, होती ती केवळ शांतता.

मग त्यांनी समभाग विकले. हडसनच्या पलीकडच्या कड्यांवर, बालपणीच्या घरासमोर, न्यू जर्सीतील अल्पाइन येथे चारशे फुटांहून उंच मनोरा स्वतःच्या पैशाने बांधला. त्याला तीन लाख डॉलरहून अधिक खर्च आला. मनोऱ्याचे काम चालू असताना पन्नाशीकडे झुकलेले हे प्राध्यापक स्वतः वर चढून लोखंडी आडव्या हातांवर फिरत. तिथून प्रसारण सुरू झाले, काही कंपन्या रॉयल्टी देऊन संच बनवू लागल्या, न्यू इंग्लंडमध्ये एफएम केंद्रांचे जाळे विणले जाऊ लागले. १९४० मध्ये सरकारच्या दूरसंचार आयोगाने एफएमला ४२ ते ५० मेगाहर्ट्‌झचा पट्टा दिला आणि टीव्हीचा आवाजही एफएमवरच असावा, असे पुढे ठरले. त्या सुमारास आरसीएने त्यांना एकरकमी दहा लाख डॉलर देऊ केले. इतर कंपन्या विक्रीवर रॉयल्टी देत असताना आरसीएला वेगळी सवलत देणे त्यांना अन्यायाचे वाटले. त्यांनी नकार दिला.

दुसऱ्या महायुद्धात त्यांनी आपली एफएमची पेटंटे सैन्याला विनामोबदला वापरू दिली. रणगाडे धावत असताना, इंजिनांच्या गोंगाटात आतल्या सैनिकांना स्वच्छ ऐकू येई, ते यामुळे. पण युद्ध संपता संपता त्यांच्यावर जो घाव पडला, तो व्यत्यय टाळण्याच्याच नावाने. १९४५ मध्ये दूरसंचार आयोगाने ठरवले, की सूर्यावरील डागांच्या चक्रामुळे चाळीस मेगाहर्ट्‌झच्या भागात दूरच्या केंद्रांचा व्यत्यय वाढेल, म्हणून एफएमने वर, ८८ मेगाहर्ट्‌झच्या पुढे जावे. आर्मस्ट्राँग यांनी आणि इतर अनेक अभियंत्यांनी हा अंदाज चुकीचा असल्याचे साक्षीत मांडले. आयोगाने ऐकले नाही. सुमारे ५० केंद्रे आणि लोकांनी घेतलेले लाखो संच एका निर्णयाने निरुपयोगी झाले. केंद्रांची शक्तीही मर्यादित करण्यात आली. सुटलेल्या जागेचा मोठा भाग टीव्ही आणि इतर सेवांकडे गेला. मोटारीतल्या रेडिओवरचे ८८ आणि १०८ हे आकडे त्या निर्णयातून आले आहेत.

रेडिओच्या इतिहासात हवेतील गर्दी कमी करण्याचे तंत्र ज्याच्या हाती होते, त्याच्या हाती ती हवा वाटून देण्याचा अधिकार नव्हता. आर्मस्ट्राँग यांना हे कधी पुरते उमगले असे वाटत नाही. प्रयोगाने सिद्ध झालेली गोष्ट माणसे नाकारतात, हे त्यांना अखेरपर्यंत अप्रामाणिकपणाचेच लक्षण वाटे.

आरसीएने एफएमचे संच आणि टीव्ही विकले, रॉयल्टी मात्र दिली नाही. आपली पद्धत वेगळी असल्याचा तिचा दावा होता. जुलै १९४८ मध्ये आर्मस्ट्राँग यांनी आरसीए आणि तिची उपकंपनी एनबीसी यांच्यावर दावा लावला. प्रतिपक्षाच्या वकिलांनी त्यांना साक्षीच्या पिंजऱ्यात महिनोन्‌महिने अडकवून ठेवले. सार्नॉफ यांनीही साक्ष दिली आणि एफएमच्या विकासाला इतर कोणाहीपेक्षा आरसीए आणि एनबीसीनेच अधिक हातभार लावल्याचे सांगितले. बेलमारच्या त्या रात्रीचा सोबती समोर बसून हे ऐकत होता. दरम्यान १९५० च्या अखेरीस मूळ पेटंटांची मुदत संपली. दावा लांबवणे आता प्रतिपक्षाच्या सोयीचे होते. वकिलांची देणी, अल्पाइनचा खर्च आणि आटलेली रॉयल्टी यांत १९५३ पर्यंत संपत्ती संपत आली.

हा दावा हेच त्यांचे आयुष्य बनले होते. घरातही दुसरा विषय नसे. मॅरियन यांनी निवृत्तीसाठी बाजूला ठेवलेले पैसे दाव्यात घालावेत, यावरून नोव्हेंबर १९५३ मध्ये दोघांचे भांडण झाले आणि आर्मस्ट्राँग यांनी हातातली सळई त्यांच्या दंडावर मारली. तीस वर्षांच्या संसारात प्रथमच त्या घर सोडून बहिणीकडे कनेक्टिकटला गेल्या. या प्रसंगावर पांघरूण घालण्याचे कारण नाही. ज्या हट्टाने त्यांच्याकडून अशक्य वाटणारी कामे करून घेतली, त्याच हट्टाने घरचे माणूस दूर केले.

३१ जानेवारी १९५४ च्या रात्री न्यूयॉर्कमधील नदीकाठच्या घरात ते एकटे होते. पत्नीला दोन पानांचे पत्र त्यांनी लिहिले, तिला दुखावल्याचा पश्चात्ताप त्यात व्यक्त केला आणि स्वतःचे जीवन संपवले. वय ६३ होते. बेलमारला सार्नॉफ यांच्याशेजारी बसून दूरचे संदेश ऐकले, त्या रात्रीला तेव्हा बरोबर चाळीस वर्षे झाली होती.

मॅरियन यांनी दावे सोडले नाहीत. आरसीएशी त्याच वर्षाच्या अखेरीस तडजोड झाली. मिळालेली रक्कम दहा लाख डॉलरच्या थोडी वर, म्हणजे १९४० मध्ये नाकारलेल्या रकमेच्या आसपास होती. बाकीच्या कंपन्यांशी त्या एकेक करून लढल्या. शेवटचा दावा मोटोरोलाविरुद्ध होता आणि तो १९६७ मध्ये त्यांच्या बाजूने संपला. नवऱ्याने जे एकही प्रकरण शेवटाला नेलेले पाहिले नाही, ती सगळी त्यांनी नेली. १९७९ मध्ये त्यांचे निधन झाले. तोवर अमेरिकेत एफएमचे श्रोते जुन्या रेडिओच्या श्रोत्यांहून अधिक होऊ लागले होते आणि भारतात आकाशवाणीनेही २३ जुलै १९७७ रोजी मद्रासहून पहिले एफएम प्रसारण सुरू केले होते.

अल्पाइनचा मनोरा अजून उभा आहे. ११ सप्टेंबर २००१ रोजी वर्ल्ड ट्रेड सेंटर कोसळले, तेव्हा त्याच्या माथ्यावरची न्यूयॉर्कच्या टीव्ही केंद्रांची प्रक्षेपण यंत्रणाही नष्ट झाली. शहराला पुन्हा चित्र आणि आवाज पोहोचवण्यासाठी त्यांतल्या काही केंद्रांनी आपले प्रक्षेपक तातडीने नदीपलीकडे हलवले आणि आर्मस्ट्राँग यांच्या त्याच जुन्या लोखंडी हातांवर आपले अँटेना चढवले.